वादळापुढं पळालेली जीप

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. व्यंकटेशलाही नाही, ज्याला मी पोटदुखीसुद्धा डॉक्टरच्या आधी सांगतो. देवळात गेलो तर तिथंही या विषयाच्या कडेकडेनं जातो आणि प्रसाद घेऊन बाहेर येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणारे म्हणतात, हा गमत्या माणूस, ह्याच्या पोटात काय राहतंय? तेच तर. उठसूट स्वतःची फजिती सांगत सुटणाऱ्या माणसानं काही दडवलं असेल, असं कोणाच्या मनात तरी येतं का?

म्हणून आधी फजितीच सांगतो. सवय आहे. आणि खरं म्हणजे — मूळ गोष्टीपाशी थेट चालत जायची माझी छाती नाही. जरा वळसा घेऊन जाऊ. दमलोय मी. तुम्हीही सावकाश या.

सोलापुरात माझं बॅटरी आणि इन्व्हर्टरचं दुकान आहे. वादळ आलं की वीज जाते, वीज गेली की गिऱ्हाईक येतं — माझा वादळाशी एवढाच संबंध असायला हवा होता. पण नाद लागला. कोणाला शर्यतीच्या बैलांचा लागतो, कोणाला कबुतरांचा, मला वादळांचा. मोबाइलवर परदेशातली माणसं दिसायची, दणकट गाड्या घेऊन वादळामागं पळणारी. मला वाटलं, आपल्याकडं काय कमी आहे? पाऊस कमी असेल. पण होळी झाल्यावर दुपार कलली की पश्चिमेला जो ढग उभा राहतो — बुडाशी काळानिळा, वर फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा — तो काय परदेशातल्यापेक्षा बुटका असतो?

मग जीप घेतली. सरकारी लिलावातली, चारही चाकांना जोर असलेली, रंग शेवाळलेल्या हौदासारखा. गारांनी काच फुटू नये म्हणून वेल्डरकडून पुढं लोखंडी जाळी बसवली. टपावर वाऱ्याचा वेग मोजायची भिरभिरी लावली. घरी आणली तेव्हा बायकोनं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "कोंबड्या कुठून आणणार?"

कॅमेरा व्यंकटेश धरायचा. तो शहराच्या पूर्व भागातला. घरात आजही तेलुगू, वडिलांनी जन्मभर मागावर टॉवेल विणले. आईला फोनवर तो तेलुगूत सांगायचा की दुकानात माल मोजतोय, आणि मागं विजा कडाडत असायच्या. त्या माउलीला वाटायचं माझ्या बॅटऱ्याच फुटतायत. ती एकदा माझ्या बायकोला म्हणालीही, जरा चांगल्या कंपनीच्या ठेवायला सांग.

पहिल्याच वर्षी टेंभुर्णीच्या पलीकडं आम्हाला ढग दिसला. जमिनीपासून आभाळापर्यंत काळा, आणि हलतोय. डांबरी सोडली, जीप पांदीत घातली, ओढा पार केला. कॅमेऱ्यापुढं उभा राहून मी जे बोललो — "मित्रांनो, असं दृश्य जन्मात एकदाच दिसतं" — ते अजूनही कोणी ना कोणी मला फोनवर पाठवतं. खांद्यावर फावडं घेतलेला एक शेतकरी मागं येऊन उभा राहिला. त्यानं बिचाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पावणं, पाचाट पेटवलंय की आमी. ऊस गेला परवा."

ती फीत आम्ही आमच्या चॅनेलवर तशीच टाकली. त्या दिवसापासून बघणारे वाढले. वादळ बघायला नव्हे, मला बघायला.

हे का सांगतोय? कारण तेव्हा मला एक विद्या आली. चूक आपण होऊन हसत सांगितली की ती माफच असते. लोक पाठीवर थाप मारतात, वर चहाही पाजतात. फार लवकर आली ही विद्या. तिनं पुढं घात केला — माझा नाही. माझा कसा करेल?

मंगळवेढ्याहून सांगोल्याकडं जाताना एक उघडा माळ लागतो. तिथं म्हाळाप्पांची वस्ती. मेंढरांचं घर, म्हाळाप्पा आणि त्यांची मालकीण, दोन मुलगे, दोन सुना. थोरला सिदू, त्याची बायको शेवंता. पहिल्यांदा आम्ही त्यांच्या बांधाला जीप लावून पश्चिमेकडं डोळे ताणत होतो, तेव्हा म्हाळाप्पा काठीवर रेलून म्हणाले, "काय हुडकताय?"

"वादळ."

"मग बसा की. हुडकायचं कशाला? ते येतंयच हितं."

बसलो. चहा झाला. मग जाता-येता थांबणं सुरू झालं. वस्तीच्या पश्चिमेला माळाला मोठा चढ आहे. वस्तीवरून तो आडवा येतो, पलीकडचं आभाळ दिसत नाही. त्यावर गेलं की सांगोल्यापर्यंतचं आभाळ उघडं पडतं. मी चढावर जायचो, आभाळ बघायचो, मोबाइलवर रडार बघायचो, आणि परतताना त्यांना सांगत जायचो की येतंय किंवा गेलं. दोन उन्हाळ्यांत बऱ्याचदा बरोबर निघालं. मग वस्तीवर रीतच पडली — आभाळ भरलं की मेंढरं लांब न्यायच्या आधी कोणीतरी विचारायचं, जीप परतली का?

दर वेळी थांबून बोलत बसायला नको म्हणून सिदूनं खुणा ठरवल्या, थट्टेथट्टेत. वस्तीतलं कोणीतरी रस्त्यावर येऊन पंजा हलवायचं — काय? मी चालत्या जीपमधून हात खांद्यावरून मागं टाकला की वादळ दुसरीकडं गेलं, निवांत राहा. हात डोक्यावर धरला की येतंय, आवरा. वस्तीवरची बारकी पोरंसुद्धा मला बघून डोक्यावर हात धरून पळायची. मला काय वाटायचं म्हणून सांगू? पाचटाला ढग म्हणणाऱ्या माणसाच्या हातावर एक वस्ती चालत होती.

आता कातरणीचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

होळी उलटली की मेंढरं कातरतात. आदल्या दिवशी डोहात धुऊन घेतात. दुसऱ्या दिवशी भावकीतले, पाव्हण्यांतले लोक कात्र्या घेऊन येतात, कारण हे एका घराचं काम नव्हे; आज यांच्याकडं, उद्या त्यांच्याकडं. जेवण असतं, थट्टामस्करी असते. पण नुकतं कातरलेलं मेंढरू म्हणजे न्हाऊन उघडं बसलेलं माणूस. ऊन असलं तर त्याच्यासारखं सुख नाही. त्याच्यावर गारा पडल्या आणि गार वारं सुटलं, तर ते जगत नाही. अंगावर लोकर असलेलं शेजारचं मेंढरू त्याच गारांत तगून जातं. म्हणून कातरणीच्या दिवशी आभाळाची खात्री केल्याशिवाय कोणी कात्रीला हात लावत नाही.

त्या दिवशी मी एकटाच होतो. व्यंकटेशच्या मावसबहिणीचं लग्न होतं. वस्तीवर थांबलो तर जाळीच्या वाघरीत धुतलेली मेंढरं उभी, लिंबाखाली पाव्हणे बसलेले, कात्र्यांना धार लावून झालेली. दोन दिवस आभाळ नुसतं येत होतं आणि बाजूनं निघून जात होतं. म्हाळाप्पा म्हणाले, "ही मानसं उद्या फुडच्या वस्तीवर जानार. आज न्हाय झालं तर मग कवा हुतंय कुनास ठावं. तुमी चढावर जाऊन या. तवर आमी कात्री धरत न्हाय."

पाव्हण्यांतला एक म्हणाला, "म्हंजी आता आभाळ बघायला बी मोटार लागती व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. शेवंता पोरीला पाठीला बांधत होती. म्हणाली, "दादा, मी रस्त्यावर हुबी ऱ्हाते. नीट हात करा."

एवढंच म्हणाली होती.

चढ ओलांडला. तिथूनच परतायला हवं होतं, कारण तिथूनच दिसत होतं. पण मला पुढं जायचं होतं — आणखी जवळ, आणखी चांगलं. पार सांगोल्याच्या अलीकडपर्यंत गेलो. तुम्हाला एक खरं सांगू? मी वादळांच्या मागं पळतो असं म्हणायचो, पण मी नेहमी त्यांच्या कडेनं, लांबून, जीप वळायला जागा ठेवून उभा राहिलेलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा ते सरळ माझ्या तोंडावर आलं. आभाळाचा रंग हिरवट झाला. आधी आवाज आला, डंपरमधून खडी ओतावी तसा, पण न थांबणारा. मग वारा. टपावरची भिरभिरी उपटून गेली, पुढची बाभूळ मोडून रस्त्याला लागली, आणि पहिली गार बॉनेटवर पडली तेव्हा जीप दणाणली.

मी घाबरलो. घाबरलो हा शब्द फार कमी आहे. जीप कशी वळवली आठवत नाही. वळवल्यावर एवढं कळलं की माझी पँट ओली झाली होती, आणि पाऊस तर अजून सुरू व्हायचा होता.

बघा, हेसुद्धा मी गमतीनं सांगतोय. सुटत नाही ही खोड.

चढ उतरून खाली आलो तर वस्तीवर लख्ख ऊन. वाऱ्याचा पत्ता नाही. शेवंता रस्त्याच्या अगदी कडेला उभी, पाठीला पोरगी. तिनं पंजा हलवला — काय?

हात डोक्यावर धरायचा होता. जीप थांबवायचीसुद्धा गरज नव्हती. पण मला एका क्षणात सगळं दिसलं. डोक्यावर हात धरला की ती ओरडणार, सगळे रस्त्यावर येणार. किती लांब आहे, कोणच्या अंगानं येतंय, विचारणार. बारकी कोकरं घाला म्हणतील जीपमध्ये. म्हाळाप्पा दाराशी येऊन वाकून आत बघतील. आणि आत मी — असा. वादळवाला.

मी हात खांद्यावरून मागं टाकला.

विचार करून टाकला का? वादळ खरंच वळेल असं मला वाटलं होतं का? नाही. ते सरळ वस्तीवर येत होतं, हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. हात टाकला आणि जीप दामटली. आरशात दिसलं, शेवंता वस्तीकडं पळत होती, आणि पळता पळता लिंबाखालच्या माणसांना तीच खूण करत होती — हात मागं, हात मागं.

मंगळवेढ्यात एका हॉटेलाच्या मोरीत जाऊन पँट धुतली. चहा मागवला. वर पत्रे होते. तासाभरानं त्या पत्र्यांवर गारांची कड लागली — नुसती कड, मुख्य मार मागं कुठं बसत असेल ते मला ठाऊक होतं. हॉटेलवाला दारात उभा राहून म्हणाला, "आज कुनाचं तरी वाटोळं हुतंय." खिशात फोन होता. सिदूचा नंबर फोनमध्ये होता. चहा येण्याआधीही होता. नंतरही होता. गारा यायच्या आधी, मी चहा मागवला तेव्हा कातरणी नुकती सुरू झाली असेल, एका फोनानं निम्मी मेंढरं तरी लोकरीत राहिली असती, हे मला कळत नव्हतं का?

कळत होतं. लावला नाही.

इथंच तुम्ही म्हणाल की हीच ती गोष्ट. भित्रेपणाची. माझंही बरीच वर्षं तेच म्हणणं होतं — स्वतःशी. भित्रेपणा म्हटलं की जरा सोसवतं; भीती काय कोणालाही वाटते. पण गोष्ट ही नव्हे. गोष्ट दुसऱ्या दिवशीची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वस्तीवर गेलो. का गेलो? कॅमेरा घेऊन गेलो होतो, यावरून काय ते समजा. कातरलेली मेंढरं माळावर आडवी पडली होती. गारांतून वाचलेली रात्रीच्या गारठ्यानं गेली. धुतलेली होती ना — परवाच्या डोहाच्या पाण्यानं इतकी स्वच्छ दिसत होती की मला तिकडं बघवेना. लोकरीचा ढीग चिखलात बसला होता. आणि ज्यांची पाळी यायची राहिली होती ती मेंढरं वाघरीत उभी राहून मुकाट रवंथ करत होती.

लिंबाखाली सगळी बसली होती. शेवंता तेवढी उभी. सासू म्हणत होती, "हिनंच पळत येऊन सांगितलं, हात मागं टाकला म्हून. तवा कात्री धरली मानसांनी."

सिदू म्हणाला, "त्यो मानूस खोटा हात कशाला करील? हिनं धड बघितलंच न्हाय. ध्यान सारं पोरीकडं."

"न्हाय वो," शेवंता म्हणत होती. "मागंच टाकला. मी बघितला."

मग म्हाळाप्पांचं माझ्याकडं लक्ष गेलं. ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "भाऊ, बरं आला. तुमीच सांगा. हात कसा केला हुता?"

सगळे माझ्याकडं बघत होते. माझी विद्या इथं चालणार होती का? हसत हसत सांगता येण्यासारखं यात काय होतं? मेलेली जनावरं समोर होती. सिदूचे डोळे सुजलेले होते. एका वाक्याचं काम होतं. मार पडला असता, फार तर. पडायलाच हवा होता.

मी म्हणालो, "डोक्यावर धरला होता." आणि वर म्हणालो, "धुळीत दिसलं नसेल तिला."

धुळीत दिसलं नसेल, हे मी मुद्दाम जोडलं. तिची बाजू घेतल्यासारखं. बघा, किती भला माणूस.

शेवंतानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्या हाताकडं बघत राहिली — उजव्या — काहीतरी आठवून ताडून बघावं तशी. मग हळू म्हणाली, "असंल. मला मागं टाकल्यावानी दिसला."

"दिसला म्हनं," सासू म्हणाली.

सिदू उठून निघून गेला. म्हाळाप्पा म्हणाले, "भाऊंनी सांगायचं ते सांगितलं हुतं. आता काय." आणि धाकट्या सुनेला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी प्यायलो. साखर बरी होती.

पुढचं फार नाही. मी त्या वादळावर बोललो, कॅमेऱ्यापुढं, गंभीर तोंड करून — निसर्गापुढं माणसाचं काही चालत नाही वगैरे. लोकांना आवडलं. कोणीतरी लिहिलं, तुम्ही इशारा देऊनही हे झालं, वाईट वाटतं. मी त्याला हात जोडल्याचं चित्र पाठवलं. त्यानंतर दोन वर्षांत जीप विकली. कोणी कारण विचारलं तर गुडघे सांगतो. आता आभाळ भरून आलं की दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतो. व्यंकटेशला वाटतं, वय झालं.

वस्तीवर परत गेलो नाही. इकडून तिकडून कळायचं. मेंढरं हळूहळू पुन्हा वाढली, असं कळलं. आणि हेही कळलं की रस्त्यावर बघायला, बाजारात जनावर पारखायला, कशालाच आता थोरल्या सुनेला पाठवत नाहीत. कोणी मारलं नाही तिला, टाकलं नाही. नुसतं विचारेनासे झाले. घरात काही हरवलं, सांडलं, चुकलं की कोणीतरी म्हणायचं, शेवंतानं बघितलं असंल. आणि हसायचे. थट्टेतलंच. थट्टा किती दिवस टिकते, माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

मध्यंतरी मंगळवेढ्याच्या स्टँडवर ती मला दिसली. मी एक इन्व्हर्टर बसवून परतत होतो. ती आणि तिची धाकटी जाऊ बाजाराच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. एसटी वळून आत आली, पाटी समोरच होती, उन्हात, स्वच्छ. जाऊ पिशव्या उचलत म्हणाली, "आक्का, बघ की गं, सांगोल्याची हाय का?"

शेवंतानं पाटी बघितली. मी तिला बघताना बघितलं. मग म्हणाली, "तूच बघ बाई. माजं काय खरं न्हाय."

रागानं नाही. तक्रारीनं नाही. घरात मीठ संपलंय म्हणावं तसं. स्वतःच्या डोळ्यांबद्दल.

मग तिला मी दिसलो. पदर सावरून म्हणाली, "दादा, बरं हाय न्हवं? जीप न्हाय आनली?"

"विकली."

"का वो?"

"गुडघे."

"जपा," ती म्हणाली, आणि दोघी एसटीत चढल्या. एसटी सुटायला वेळ होता. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत होता. मी खिडकीखाली उभा होतो आणि ती खिडकीतच बसली होती. त्या वेळात सांगून झालं असतं. मी म्हणालो, "पोरगी कितवीत?" तिनं सांगितलं. मी म्हणालो, "वा."

जे तिला सांगायचं ते मी तुम्हाला सांगतोय, हे मला कळतं. तुम्ही तिला ओळखत नाही, वस्तीवर जाणार नाही, म्हणूनच सांगतोय, हेही कळतं.

त्या दिवशी रस्त्यावर ऊन होतं. धूळ होती ती जीपच्या मागं उडत होती, पुढं नव्हती. ती रस्त्याच्या इतकी कडेला उभी होती की माझ्या हाताची बोटंसुद्धा तिला मोजता आली असती. तिनं नीट बघितलं. मी हात मागंच टाकला होता.